पट्ट्याच्या जागी माई

"म्हंजे हे खुपसलं की गाडी वरडायची थांबती?"

माईंनी ती क्लिप दोन बोटांत धरून उजेडाकडे केली होती.

"थांबते, माई," प्रल्हाद म्हणाला. "एकदम शांत."

"आन् गाडी वरडती कशापायी?"

"पट्टा लावला नाही म्हणून. नव्या गाड्यांचं तेच आहे. माणूस बसला रे बसला, की टिंगटिंग सुरू. डोकं उठवते."

"मंग पट्टा लावायचा."

प्रल्हाद हसला. प्रवचनाच्या मांडवात हसतो तसा, डोळे अर्धे मिटून.

"लांबच्या प्रवासात आवळतो, माई. झब्ब्याच्या इस्त्रीची वाट लागते. आणि खरं सांगू? भक्तांनाच ते आवडत नाही."

माईंनी क्लिप उलटी केली, सुलटी केली.

मी धुनीत लाकूड सारत होतो. माझा हात तिथेच थांबला.

आमचा मठ घाटमाथ्यावर आहे. मठ म्हणजे काय, पत्र्याची पडवी, मधोमध धुनी आणि मागे माईंची खोली. घाट उतरण्याआधी गाड्या इथे थांबतात. ड्रायव्हर येतात, धुनीचा अंगारा कपाळाला लावतात, चिमूटभर स्टिअरिंगला लावतात आणि मग खाली जातात. लाकडं आणणं, अंगारा देणं, आल्यागेल्याला चहा करणं हे माझं काम. नाव भैरू. लोक भैरूआबा म्हणतात.

प्रल्हाद पायथ्याच्या गावचा. नलावड्यांचा. बरीच वर्षं माईंच्या पायाशी बसला, मन लावून बसला, ते नाकारून चालणार नाही. मग एके दिवशी त्याला आपल्या गळ्याचा शोध लागला. आता गावोगावी त्याचे मांडव पडतात आणि फलकावर 'प्रल्हादनाथ महाराज' असं लिहिलेलं असतं. त्याला नाथ कुणी केलं, ते विचारायची सोय नाही. माईंनी तरी केलेलं नाही.

त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. भक्तांनी भेट दिलेली पांढरी गाडी घेऊन तो आला होता. बरोबर बायको वृषाली आणि चार वर्षांची पोर शर्वी. आणि एक पोतं. पोत्यात या क्लिपा होत्या, गच्च भरून. संध्याकाळी खाली गावातल्या हॉलवर प्रसाद म्हणून वाटायच्या होत्या आणि त्याआधी माईंनी पोत्यावर हात ठेवावा एवढीच त्याची मागणी होती.

क्लिप म्हणजे पट्ट्याच्या टोकाला असते तशी पत्र्याची जीभ. तेवढीच, मागे पट्टा नाही. ती खाचेत खुपसली, की गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे. तिच्या डोक्यावर एक गोल चकती होती आणि त्या चकतीवर माईंचा फोटो. खाली अक्षरं, 'माई पाठीशी आहेत'.

तो फोटो माझ्या ओळखीचा होता. माई मला रागे भरत होत्या तेव्हा कुणीतरी काढलेला. कॉम्प्युटरवर क्लिपा छापणाऱ्यांनी माईंच्या गालांना लाली दिली होती आणि ओठ ताणून हसू काढलं होतं. ऐंशीच्या घरातल्या बाईला लाली! माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली.

"तर मी ह्यात बसून काय करते?" माईंनी विचारलं.

"तुम्ही रक्षण करता, माई."

"न्हाई. गाडी वरडत असती. मी बसले की ती गप हुती. मंग मी काय केलं?"

"...शांत केलंत."

"गाडीचं त्वांड दाबलं."

प्रल्हादने वृषालीकडे पाहिलं. ती पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. शर्वीला तिने कडेवर घट्ट धरलं होतं. तिने मान खाली घातली.

"माई, तुम्ही शब्दावर जाऊ नका," प्रल्हाद म्हणाला. आवाज आता मांडवातला झाला होता. "यात भाव आहे. मी प्रवचनात सांगतो, एका हाताने गुरूचे पाय धरायचे आणि दुसऱ्या हाताने पट्टा ओढायचा, हे दोन्ही एकदम जमत नाही. पट्टा म्हणजे संशय. ज्याला गुरू आहे त्याला पट्टा कशाला?"

"लोक काय करत्यात ह्यावर?"

"टाळ्या वाजवतात."

"आन् घरी जाऊन?"

त्याने झब्ब्याची बाही सारखी केली.

"तुम्हीच म्हणालात ना, माई," तो पुन्हा म्हणाला, "भार माझ्यावर टाका म्हणून? माझ्यासमोर म्हणालात."

"द्वारकेला म्हनले हुते. तिचा ल्योक गेला हुता. ती जेवत न्हवती." माईंचा श्वास वर आला. "तिला घास भरवताना म्हनले हुते. गाडी हाकणाऱ्याला न्हाई."

मग माईंनी आसनाखाली हात घातला आणि दुसरी एक क्लिप काढली. तसलीच. तिच्यावरची चकती तडकलेली होती. ती त्यांनी प्रल्हादच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुझीच न्हवं?"

"हो... पहिल्या खेपेतली. ही कुठे मिळाली?"

"तारळेकराच्या गाडीत."

त्या क्लिपेची हकिगत मला सांगितलीच पाहिजे, कारण ती मी माझ्या हाताने काढली होती.

आमच्या पडवीत वर आढ्याला एक घोंगडं टांगलेलं असतं. दोन बांबूंना शिवलेलं. घाटात काही झालं, की पोलिसांच्या आधी इथेच हाक येते आणि मी आणि जो कुणी ड्रायव्हर हजर असेल तो, ते घोंगडं घेऊन उतरतो. माईंची तशी शिस्तच आहे. धुनी विझली तरी चालेल, घोंगडं सुकं पाहिजे.

महिन्यापूर्वी हाक आली. पहिल्याच वळणावर एक लाल गाडी कठड्याला लागली होती. कठडा शाबूत, गाडी जवळपास शाबूत. नुसता पुढचा दिवा फुटला होता आणि काच. माणूस मात्र गाडीत नव्हता. काचेतून बाहेर जाऊन तो कठड्यापलीकडे पडला होता. अरविंद तारळेकर. शाळेत चित्रकला शिकवायचा. आदल्याच आठवड्यात तो इथे अंगारा घेऊन गेला होता आणि माझ्या चहात साखर कमी आहे म्हणून मला चिडवून गेला होता.

त्याला आम्ही वर आणलं. माईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत तो गेला.

नंतर गाडी बाजूला घ्यायला मी खाली उतरलो, तेव्हा पट्टा त्याच्या जागी नीट गुंडाळलेला होता, नवाकोरा. आणि खाचेत ही क्लिप. माई लाली लावून हसत होत्या.

मी ती आणून माईंच्या हातावर ठेवली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. काही बोलल्याही नाहीत.

आता बोलत होत्या.

"हा माणूस काचेतनं भायेर गेला, प्रल्हाद. गाडीनं हाक मारली असती. मी तिचं त्वांड दाबून बसले हुते."

प्रल्हादने क्लिपेकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता हा रडेल. रडला असता तर मी त्याला चहा दिला असता, साखर घालून.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण माई, प्रारब्ध असतं ज्याचं त्याचं. आणि..."

"आणि?"

"भाव कमी पडला असेल त्याचा."

मी उठलो. हातातलं लाकूड अजून हातातच होतं. माईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी बसलो. पण माझे कान तापले होते आणि आज लिहितानाही तापलेत. मेलेल्या माणसाच्या भक्तीचं माप काढतो! तेही त्यालाच ही क्लिप देऊन!

माईंचा आवाज चढला नाही. त्या शर्वीकडे वळल्या.

"आन् हिचा भाव केवढा हाय?"

"माई, ती लहान आहे."

"ती गाडीत कुठं बसती?"

"माझ्या मांडीवर. तिला स्टिअरिंग धरायला आवडतं. आत्ता येतानाही घाटभर तिनेच धरलं होतं." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर बापाचं कौतुक होतं.

"तिची खुर्ची आहे," वृषाली म्हणाली.

तिचा आवाज इतका अचानक आला, की आम्ही तिघंही तिच्याकडे पाहू लागलो.

"माझ्या भावाने आणून दिली. लहान मुलांची, मागच्या सीटला बांधायची. ह्यांनी ती काढून घरी टाकली. पोत्याला जागा पाहिजे म्हणून."

"वृषाली," प्रल्हाद म्हणाला.

"खरं तेच सांगते."

"गाडीत चल. उशीर होतोय."

माई पोत्यावर हात ठेवणार नाहीत, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला. एवढ्या वर्षांत माईंसमोर तो कधी असा उभा राहिला नव्हता, कमरेवर हात ठेवून.

"ठीक आहे. नका देऊ आशीर्वाद. मला एक कळतंय, माई. हजारो लोक तुमचं नाव घेतात ते माझ्यामुळे. नाहीतर या पत्र्याखाली तुम्हाला कोण ओळखत होतं? माझं नाव वाढतंय ते तुम्हाला बघवत नाही."

माई म्हणाल्या, "लेकराला मागं बशीव."

"माझं लेकरू मी बघून घेईन."

"प्रल्हाद, पुढं घाट हाय. लेकराला मागं बशीव, पट्टा लाव आन् जा. ते पोतं ऱ्हाऊ दे हितं."

"पोतं वाटलं जाणार. तुमचा हात असो नसो."

त्याने पोतं खांद्यावर मारलं आणि मागच्या सीटवर नेऊन आदळलं. मग परत आला, वृषालीच्या कडेवरून शर्वीला जवळजवळ ओढून घेतलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसून तिला मांडीवर घेतलं. पोरीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलं. तिची हनुवटी स्टिअरिंगला टेकत होती. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर, जिथून गाडी आदळल्यावर ती हवेची पिशवी फाटकन बाहेर येते नेमकी त्याच जागी, माईंची तसबीर चिकटवलेली होती. आरशाला हार. हार एवढा मोठा, की डाव्या अंगाचा रस्ता दिसणं कठीण.

त्याने गाडी चालू केली. गाडीने हूं की चूं केलं नाही. कशी करणार? खाचेत माई होत्या.

मठाचं अंगण रस्त्याकडे उतरतं आहे आणि रस्ता तिथून थेट पहिल्या वळणाकडे उतरतो. गाडीचं तोंड तिकडेच होतं.

वृषाली मागच्या दाराशी उभी होती, पण दार उघडत नव्हती. "तिला माझ्याकडे द्या," ती म्हणत होती. "अहो, तिला माझ्याकडे द्या."

माई उठल्या.

त्यांना उठायला वेळ लागतो. एक हात जमिनीला, एक गुडघ्याला. मी आधार द्यायला गेलो, तर त्यांनी हात झटकला. पडवी उतरल्या, अनवाणी अंगण ओलांडलं आणि गाडीच्या पुढे जाऊन खाली बसल्या. मांडी घालून, नीट पदर सावरून. पाठ गाडीच्या नंबरप्लेटला लागली होती आणि तोंड वळणाकडे होतं.

इंजिन घुरघुरत होतं.

मग प्रल्हादने हॉर्न वाजवला.

गुरूला हॉर्न! एकदा नाही, दोनदा! मी आजवर या अंगणात दारू पिऊन आलेले ड्रायव्हर पाहिलेत, मारामाऱ्या करून आलेले पाहिलेत, पण माईंना हॉर्न मारणारा पाहिला नव्हता. माई हलल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले, बस्स.

"माई, बाजूला व्हा," त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं.

काही नाही.

"माई, तमाशा नको. लोक बघतायत."

बघायला मी आणि वृषालीच होतो.

शेवटी त्याने हँडब्रेक ओढला, पोरीला सीटवर ठेवलं आणि तो खाली उतरला. इंजिन चालूच होतं. दार उघडंच होतं. तो पुढे आला आणि माईंच्या समोर हात जोडून उभा राहिला. हात जोडलेले, पण दात आवळलेले.

"उठा, माई."

"तू जा की. मी कुठं आडवलंय?"

"तुम्ही पुढे बसला आहात!"

"बसले म्हनून काय झालं?"

"माई, चाक अंगावर..."

तेवढ्यात गाडी हलली.

फार नाही. वीतभर. टायरखालची खडी करकरली आणि नंबरप्लेटने माईंची पाठ पुढे ढकलली. त्यांच्या डोक्यावरचा पदर बंपरला अडकून घसरला.

"हँडब्रेक!" वृषाली किंचाळली. "धरत नाही तो! महिनाभर सांगतेय, दाखवून आणा म्हणून!"

आत शर्वी सीटवर उभी राहिली होती. तिने पुन्हा स्टिअरिंग पकडलं होतं आणि ती हसत होती. तिला वाटलं, गाडी तीच चालवतेय.

प्रल्हादने दोन्ही हात बॉनेटवर रोवले. माईंच्या दोन्ही अंगांना पाय फाकून तो मागे रेटू लागला. त्याच्या चपला खडीवरून घसरत होत्या. त्याच्या मानेच्या शिरा टरारून वर आल्या होत्या.

"दगड!" तो ओरडला. मांडवातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. नलावड्यांचं पोरगं ओरडत होतं. "आबा, दगड! चाकाला दगड लावा की वो! पोर हाय आत! माई चिरडंल! आबा, दगड!"

मी धावलो. कठड्याचा एक सुटा चिरा उचलला, दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला आणि पुढच्या टायरखाली सारला. गाडी त्यावर टेकली, चाचपल्यासारखी हलली आणि थांबली.

वृषाली तोवर उघड्या दारातून आत घुसली होती. तिने पोरीला काखेत उचलून बाहेर काढलं. मग दुसरा हात आत घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. ती पडवीपर्यंत मागे मागे चालत गेली आणि तिथे खाली बसली. शर्वीला आता रडू फुटलं.

"आम्ही ह्या गाडीत बसणार नाही," वृषाली म्हणाली. "तिची खुर्ची बांधल्याशिवाय नाही. हँडब्रेक नीट झाल्याशिवाय नाही. आणि ह्या क्लिपा मी एकालासुद्धा वाटू देणार नाही. त्या तारळेकरबाईंच्या घरी भेटायला मी गेले होते. तुम्ही गेला नव्हता."

 प्रल्हादने ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

चाकाखाली दगड पक्का बसला होता. मी लाथ मारून पाहिलं. गाडी हलत नव्हती. तरी तो बॉनेट सोडेना. दोन्ही हात रोवून तसाच उभा होता. घाम नाकावरून ठिपकत होता आणि माईंच्या उघड्या पांढऱ्या केसांवर पडत होता.

"महाराज, सोडा आता," मी म्हणालो. महाराज म्हणालो ते मुद्दाम. माझा राग उतरला नव्हता.

"नको," तो म्हणाला. "आबा, दगड निसटंल. आणखी एक लावा. मागच्या चाकालाबी लावा."

"निसटत नाही."

"तरी लावा!"

माईंनी डोळे उघडले. घसरलेला पदर डोक्यावर घेतला. वर पाहिलं, तर तिथे प्रल्हादचा चेहरा होता, त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

"माई, उठा," तो म्हणाला. आता तो खरंच रडत होता. "पाया पडतो. उठा तिथनं."

माई उठल्या नाहीत.

मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"भैरू, काढ त्यो दगड. ह्याचा माज्यावर इस्वास हाय."